चार बोटं खाली

अहो, जरा जपून! त्या दांडीला हात लावू नका. ओढलीत तरी मी वर जाणार नाही. मी एक फिरती खुर्ची बोलतेय. रंग काळा, चाकं पाच, हातांवरचं रेक्झिन थोडं सोललेलं. बाकी तब्येत ठणठणीत आहे.

माझी गादी शिवणारी बाई शेजारणीशी अखंड गप्पा मारत टाके घालायची, बडबडीची खोड मला तिथूनच लागली असावी. मग फिटरने माझ्या पोटात गॅसची नळी बसवली, मला वरखाली करून पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. "जा, एखाद्या मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये जा."

आणि गेले की! पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत एक गृहस्थ नुकतेच व्यवस्थापक झाले होते. त्यांच्यासाठीच मला घेतलं होतं. या साहेबांची एक पद्धत होती. मला सगळ्यात वर चढवायचं आणि समोरच्या खुर्च्या चार बोटं खाली ठेवायच्या. म्हणजे भेटायला येणारा आपोआप मान वर करून बोलायचा. शिपायाने रोज पुसताना उंची तपासायची, असा हुकूमच होता. मीही तोऱ्यात असायचे.

माणूस वाईट नव्हता हो, कामाला वाघ होता. फक्त घरून फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचे, आणि समोर चिटपाखरू नसायचं.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, फुलं मिळाली आणि भेट म्हणून मी मिळाले. टेम्पोत उलटी टाकून मला घरी आणलं. दारात साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांना साहेब "अगं" म्हणत, मी बाई म्हणते.

"अहो, ही इथे? मग माझं शिलाई मशीन कुठे ठेवू?"

"सरकव ना थोडं."

मशीन कोपऱ्यात गेलं. साहेब रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यावर बसू लागले. हातात फोन. कंपनी सल्लागार म्हणून बोलावणार, याची त्यांना खात्री होती. "माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही," म्हणायचे. तिथे सगळं छान हलत होतं. हलत नव्हता तो फोन.

साहेब उगाचच चिडचिड करायला लागले. चहा गार आहे, पेपर चुरगळलाय, मशीनचा आवाज होतोय. शेवटी बाईंनी विचारलं, "इतकी कसली वाट बघताय?"

साहेबांनी फोन मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिथे मी कुणीतरी होतो गं. इथे मी नुसताच बसलेला माणूस."

मला फार वाईट वाटलं. त्यांना घेऊन बसण्यापलीकडे मी तरी काय करणार?

आणि एका सकाळी फोन वाजला. कंपनीचाच! साहेबांनी कॉलर सारखी केली, दांडी ओढून मला पार टोकाला नेलं, घसा खाकरला. "बोला!"

नेमकी तेव्हाच माझ्या पोटातल्या नळीने मान टाकली. मी फुस्स करत खाली जाऊ लागले.

"सर, एक विचारायचं होतं."

"विचारा ना, संकोच कसला!"

"स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली कुठे असते?"

साहेब तोवर तळाला पोचले होते, गुडघे पार वर. "किल्ली? कूलरच्या मागे, खिळ्याला," ते म्हणाले. "थँक्यू सर." फोन बंद.

मशीन थांबलं. बाईंनी तोंडावर कापड दाबलं, पण हसू फुटलंच. साहेबांनी रागाने मान वर करून पाहिलं.

"हसतेस काय?"

"अहो, किल्ली सांगायला केवढी ती कॉलर नीट केलीत!"

मग साहेबही फुटले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, आणि ते बाईंना कळलं. त्यांनी एक जुना झगा साहेबांच्या मांडीवर टाकला. "बसलाच आहात, तर एवढी शिवण उसवा."

साहेबांनी शिवणीबरोबर कापडही फाडलं. बाई चांगल्याच ओरडल्या. साहेबांना कुणी ओरडून कित्येक वर्षं झाली होती. त्यांना ते आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी चुरगळलेल्या शर्टात ते स्वतःहून उसवायला हजर. आता तर बटणंही लावतात. वाकडी लागतात, पण सुटत नाहीत.

परवा मशीनला तेलपाणी करायला मेकॅनिक आला. "काका, खुर्चीत नवी नळी टाकू? जाईल पहिल्यासारखी वर."

"नको. वर बसलो की ही नीट दिसत नाही."

बाई लाजल्या, आणि लाजलेलं दिसू नये म्हणून सुई शोधू लागल्या.

"तुम्ही काय करता, काका?" मेकॅनिकने सहज विचारलं. मी श्वास रोखला. आता येणार, जुनं पद, कंपनीच्या नावासकट!

"मी?" साहेबांनी दाताने दोरा तोडला. "बसलोय."

तर मंडळी, दांडी सोडा. बसायचं तर खुशाल बसा. थोडे खाली जाल, एवढंच.