आठव्या टोकावरचे मेण

शस्त्रसंग्रहालयाच्या मधल्या दालनात, काचेच्या पेटीत, एक वस्तू अठरा वर्षे ठेवलेली होती. पुरुषभर लांबीचा लाकडी दांडा. त्याच्या टोकाला पोलादाच्या आठ लवचिक पट्ट्या, कमळ उमलावे तशा बाहेर झुकलेल्या. प्रत्येक पट्टीचे टोक बाहेरच्या अंगास वळवलेले. आणि त्या साऱ्यांना आवळून धरणारे, दोरीने मागे ओढताच मोकळे सोडणारे एक कडे. पाटीवर लिहिले होते : ‘बंदिवानाच्या घशात उतरवून त्यास बोलते करण्याचे यंत्र.’ पाटी वाचून माणसांचा हात नकळत गळ्याकडे जाई, आणि पुढच्या खेपेस ती पाहुण्यांनाही घेऊन येत.

हा अर्थ संग्रहपालांनी लावलेला होता. ज्याने तीन महिने खपून त्या वस्तूवरचा गंज काढला, तो संग्रहालयाचा दुरुस्तीकार मात्र म्हणत होता, की हे घशात घालायचे नव्हेच. आठवे टोक इतरांहून किंचित रुंद आणि बोथट होते. त्यावर त्याला मेणाचा जुना थर सापडला आणि त्याने तो जपून तसाच राखला. मग दोन पानांचे टिपण लिहून त्याने ते विनयपूर्वक पुढे ठेवले. संग्रहपालांनी घडीदेखील न उलगडता ते परत केले.

“तू गंज काढ, अर्थ मी काढतो,” ते सर्वांसमक्ष म्हणाले. “तुझं मी वाचायचं? आणि हा मळ कशाला ठेवलास, आठवण म्हणून?”

मेण खरवडून टाकले गेले, आणि हयगयीचा ठपका ठेवून दुरुस्तीकारालाही तसेच काढले गेले. त्यानंतर त्याने कानशीला हात लावला नाही. चार वर्षे तो खिडकीशी बसून राही, जेवताजेवता मध्येच घास थांबवून म्हणे, “ताई, तो मळ नव्हता गं.” पाचव्या वर्षी तो गेला, आणि तेही बोलणे थांबले.

ताई त्याची थोरली बहीण. नळ ओतणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. ओतताना बिडात हवा अडकली, की वरून गुळगुळीत दिसणाऱ्या नळाला आतून पोकळी राहते. डोळ्यांस न दिसणारी ती पोकळी टोक वाकवलेल्या तारेने चाचपून काढणे हेच तिचे तीस वर्षांचे काम. भावाचे टिपण तिला एका वाचनात उमगले. शत्रूला नव्हे, आपल्याच तोफेला आतून चाचपणारे ते यंत्र होते. दुसऱ्या पानावर मात्र त्याने आणखी काही लिहिले होते : ‘अंगणातील तोफेवर प्रयोग करून पाहिला. जेथे दारू ठासली जाते तेथेच, खालच्या अंगास, पोकळी आहे. जुन्या थरावर नवे मेण लावून पाहता ठसा आला. ही तोफ कधीही डागू नये.’

ती पाने तिने कपड्यांच्या कपाटात, भावाच्या सदऱ्याखाली जपली. आणि एके दिवशी वर्तमानपत्रात आले, की संग्रहपालांच्या पंचाहत्तरीनिमित्त संग्रहालयाच्या अंगणात सत्कार होईल, ते अजब यंत्र लोकांसमोर ठेवून ‘ओळखा पाहू’ खेळले जाईल, आणि शेवटी सत्कारमूर्ती स्वहस्ते तोफेला बत्ती देतील.

तीन दिवस ताईने कुणाला काही सांगितले नाही. त्या तीन दिवसांत तिला शांत झोप लागली. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गौरवासाठी. याहून नेमका न्याय तिला सुचला नसता. चौथ्या दिवशी तिच्या मनात आले, की तोफ फुटली तर दोष जुन्या लोखंडाला लागेल. त्यांच्या तसबिरीला हार पडेल. पाटी तशीच राहील, आणि भावाचे टिपण सदऱ्याखालीच कुजेल. शिवाय शेजारी उभ्या असणाऱ्या तोफचीने तिचे काय वाईट केले होते? तिने कारखान्यातून मेणाचा एक गोळा घेतला.

समारंभाला ऊन चांगले चढले होते. यंत्र मेजावर ठेवले होते आणि खुर्च्यांतून तर्क उडत होते.

“विहिरीतली बादली काढायला!”

“हत्तीची पाठ खाजवायला!”

संग्रहपालांनी हसून सर्वांना गप्प केले आणि घशाची कथा रंगवून सांगितली. मागून कुणी तरी म्हणाले, “आमच्या सासूबाईंना बोलतं करायला यंत्र लागत नाही हो, गप्प करायचं असलं तर दाखवा!” अंगण हसून लोटपोट झाले.

ताई उठली. “मी सांगू?”

“सांगा ना, बाई. स्वयंपाकघरातलं वाटतंय का काही?”

“बोलतं करायलाच आहे हे. पण माणसाला नाही, तोफेला.” ती तोफचीकडे वळली. “दारू घातलीय?”

सैन्यातून निवृत्त झालेला तो म्हातारा मिश्कीलपणे म्हणाला, “तोफेत नाही अजून, ताई. आणि माझ्यातही नाही.”

हशा विरण्याआधीच तिने यंत्र उचलले. कडे पुढे सरकवून टोके मिटली, दांडा तोफेच्या मुखातून तळापर्यंत नेला आणि दोरी ओढली. आत आठही टोके उमलून भिंतीला टेकली. ती दांडा सावकाश फिरवीत मागे घेऊ लागली. खट्. दांडा अडला. दांड्यावर नखाने खूण करून तिने यंत्र बाहेर काढले, आठव्या टोकावर मेण थापले, ते टोक खाली धरून यंत्र पुन्हा त्याच खुणेपर्यंत आत नेले आणि दाबले.

बाहेर आलेल्या मेणावर सुपारीएवढा उंचवटा होता, आणि त्यातून निघालेली केसाएवढी रेघ, तडा.

तोफचीने त्यावरून अंगठा फिरवला. त्याने दारूची थैली उचलली, दूर नेऊन ठेवली, आणि परत येऊन संग्रहपालांच्या हातातली बत्ती काढून घेतली.

“साहेब, हिच्या पोटात भोक आहे. पुढं नसती उडाली, आपल्या दोघांच्या अंगावर आली असती.”

संग्रहपाल मटकन खुर्चीत बसले. “बाई... तुमच्यामुळे मी वाचलो.”

“वाचवायला आले नव्हते मी.” ताईने पिशवीतून पिवळी पडलेली दोन पाने काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. “माझ्या भावाचं हे तुम्ही वाचलं नव्हतंत. आता वाचलात ना? मग वाचा. मोठ्यांदा.”

अक्षर ओळखीचे होते. ते पाहताच त्यांनी पाने पुन्हा मिटली.

“चष्मा... घरी राहिलाय.”

“गळ्यात आहे, साहेब,” तोफची म्हणाला.

संग्रहपालांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला आरंभ केला. ‘आठव्या टोकावरचे मेण पुसू नये, तो मळ नव्हे,’ या ओळीशी त्यांचा आवाज अडकला.

ताईने खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि ती निवांत बसली.

“पुन्हा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. मागच्या रांगेला ऐकू नाही गेलं.”