चौथ्या मजल्याचे चार ठोके

माझं शिवणयंत्र खिडकीत आहे आणि खिडकी रस्त्याला लागून आहे, एवढाच माझा गुन्हा. रोज दहा जण तरी थांबून माझा फोटो काढतात. मी कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत असते, तोंडात टाचण्या असतात, आणि समोर काचेला नाक लावून कुणीतरी उभं. पडदा ओढला तर सुईत दोरा ओवता येत नाही, न ओढला तर मी पिंजऱ्यातली माकडीण.

आमच्या गल्लीचं नाव कुठल्याशा प्रवासाच्या पुस्तकात छापून आलं आणि आमच्या नाकी नऊ आले. इमारतीच्या मालकाने आधी पहिला मजला परदेशी पाहुण्यांना रोजाने द्यायला सुरुवात केली, मग दुसरा. मागच्या वर्षी तिसऱ्यावरच्या शिक्षिका बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि तो मजलाही गेला. उरलो दोघंच. तळमजल्यावर मी आणि चौथ्यावर माझे सख्खे काका. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आता वय एक्क्याऐंशी. बाकी जिन्यावर नुसता चाकांच्या बॅगांचा खडखडाट.

सुरुवातीला मी माणुसकी दाखवली होती. एका जोडप्याला दार उघडत नव्हतं, ते किल्ली फिरवून उघडून दिलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून टॉवेल माझ्याकडे मागायचे, गरम पाणी गेलं की माझ्या नावाने शंख. तेव्हा कानाला खडा लावला. आता कुणी काही विचारलं की मी मठ्ठासारखा चेहरा करते आणि हात हलवते. मला सगळं कळत असतं, पण ताकास तूर लागू देत नाही. दोन मिनिटांत माणूस कंटाळून जातो.

आमच्या सगळ्या स्वयंपाकघरांतून पाण्याचा एकच लोखंडी पाइप वरून खाली येतो. फार वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरचे पोस्टमन घरातच वारले आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा काकांनी ही पद्धत काढली. सकाळी सातला तळमजल्याने पाइपवर चमच्याने टणटण करायची, मग प्रत्येकाने आपल्या मजल्याच्या आकड्याइतके ठोके द्यायचे. ज्याचे ठोके आले नाहीत त्याच्याकडे धावायचं. एके काळी आमच्या पाइपवर सकाळी अशी मैफल रंगायची की बस. आता माझी टणटण आणि वरून काकांचे चार ठोके, संपलं.

पण त्या चार ठोक्यांवर काकांचं इथलं राहणं टिकून होतं. काकू गेल्यावर त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, त्यांना आपल्या गावी न्यायला आली होती. काका टेबल धरून बसले. "तिकडे जाऊन मी काय करू? तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाला सेल घालू?" शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, "ताई, मी आहे ना. रोज ठोके ऐकते. उगाच त्यांना उपटून नेऊ नकोस."

"आणि ठोके चुकले तर?"

"चुकले तर तू म्हणशील ते."

"बघ हं. मग मध्ये बोलायचं नाहीस," ताई म्हणाली आणि एकटीच परत गेली. त्याला तीन वर्षं झाली.

गेल्या गुरुवारी मी सातला टणटण केली. उत्तर यायला जरा उशीर लागला, पण चार ठोके आले. मी मोजले. हात आखडला असेल काकांचा, असं मनात आलं आणि मी कामाला बसले. एका हॉटेलचे बारा पडदे शिवायचे होते.

साडेबाराच्या सुमाराला काचेवर धाडधाड थापा पडल्या. तिसऱ्या मजल्यावर आठवडाभर एकटी उतरलेली बाई होती, माझ्याच वयाची, डोक्यावर कायम पिवळी टोपी. ती वर बोट दाखवत होती. मी माझा मठ्ठ चेहरा केला. गरम पाणी गेलं असणार, दुसरं काय! तिने पुन्हा काच वाजवली. मी सरळ पडदा ओढून घेतला.

तर बया दारातून आत! माझं मनगट धरलं आणि ओढायलाच लागली. मांडीवरच्या टाचण्या सगळ्या जमिनीवर. मी तिला दोन शब्द सुनावणार होते, पण तिचे डोळे पाहिले आणि तिच्यामागे निघाले. चार मजले आम्ही कसे चढलो ते माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक.

काका स्वयंपाकघरात मोरीपाशी पडले होते. पाणी घ्यायला उठले आणि पाय घसरला, तो सात वाजायच्याही आधी. शुद्धीवर होते. त्यांच्या अंगावर तिची शाल होती. "आलीस? सातच्या आधीपासून पडलोय," एवढंच म्हणाले. ओठ काळेनिळे पडले होते. रुग्णवाहिकेत मी त्यांचा हात धरून बसले आणि मनात एकच घोळत राहिलं. हे सातच्या आधी पडले, तर सातला ठोके दिले कुणी?

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर चालतील, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ताई आली. रात्रभर वडिलांजवळ बसली आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सकाळी आम्ही दोघी काकांचे दोन जोड कपडे आणि औषधं न्यायला चौथ्या मजल्यावर आलो. मागोमाग पिवळी टोपी दारात येऊन उभी राहिली, काकांची चौकशी करायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल पहिला, दुसरा मजला रिकामा; इमारतीत तिच्याखेरीज होतं कोण? "हिनेच वाजवलं, ताई! हिनेच! यांना आमचं सगळं खेळणं वाटतं. फोटो काढा, पाइप वाजवा! सहा तास तो म्हातारा माणूस गार फरशीवर पडून होता हिच्यापायी."

ताईने मला हाताने थांबवलं आणि बाईला विचारलं. बाई आपल्या भाषेत फोनशी बोलली आणि फोन आमच्या भाषेत, बातम्या दिल्यासारखा बोलला.

"रोज सकाळी खालून कुणीतरी हाक देतं आणि वरून उत्तर जातं. मला ते फार आवडायचं. काल उत्तर गेलं नाही. वरचे आजोबा झोपले असतील असं वाटलं. खालचं माणूस वाट बघत बसेल, त्याला वाईट वाटेल, म्हणून मी चार वेळा वाजवलं. मला अर्थ ठाऊक नव्हता. मला क्षमा करा."

म्हणजे ते उत्तर तिने माझ्यासाठी दिलं होतं. अर्थ सांगितला असता मी, पण सांगायचं तर आधी बोलावं लागतं, आणि सहा दिवसांत मी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

ताईने डोळे पुसले. "जाऊ दे. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे असतात?"

"फ्रीजवरच्या डब्यात," मी लगेच म्हटलं. डबा उघडला तर आत बटणं आणि एक जुनी, मुदत संपलेली पट्टी. मग मी फळी पाहिली. चष्म्याची पेटी पाहिली. उशीखाली हात घातला. ताई नुसती बघत होती.

पिवळी टोपी आत आली. सरळ काकांच्या कामाच्या टेबलाशी गेली, डावीकडचा दुसरा खण उघडला आणि गोळ्यांची पाकिटं काढून ताईच्या हातात दिली. एका पाकिटावर बोट ठेवून तिने खिडकीतलं ऊन दाखवलं, म्हणजे ही सकाळची. दुसऱ्यावर बोट ठेवून गालाखाली हात घेतला, म्हणजे ही झोपतानाची.

"हिला कसं माहीत?" ताईने फोनलाच विचारलं.

"त्यांनी माझ्या घड्याळाचा पट्टा बसवून दिला," फोन म्हणाला. "तेव्हापासून रोज मला चहाला बोलावतात, दार नुसतं लोटलेलं असतं. काल मी दुपारच्या चहाआधी बिस्किटं द्यायला वर आले होते."

ताई माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तू शेवटची वर कधी आली होतीस?"

मी आठवायला लागले. गुडघे दुखतात. पडद्यांचं काम होतं. त्याआधी गणवेशांचं होतं. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण ती बाई समोर उभी होती आणि टेबलावर दोन कप पालथे घातलेले होते.

"ठोके रोज येत होते ना, ताई," मी म्हटलं.

ताईने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली.

"दोन जोड नकोत," ती म्हणाली. "सगळेच कपडे काढ."