फुल्यांची वही

मी बोलतेय ती कालपरवापर्यंत पलंगाशेजारच्या खिळ्याला लटकणारी नोंदवही. वहीने बोलायचं म्हणजे जरा अतीच झालं, हे मला कळतं. पण माझ्यात इतकं लिहिलं गेलं आणि त्यातलं इतकं कमी वाचलं गेलं, की आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म छापखान्यातला. माझ्यासारख्या पाचशेजणी एकाच दिवशी बांधल्या. प्रत्येक पानावर आंघोळ, दाढी, नाश्ता, औषध, चालणं, जेवण असे दहा रकाने आणि तळाशी एक ओळ: 'वरील सेवा मिळाली. सही.' एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे एक संस्था मदतनीस पाठवते, तिच्यासाठी मी. काम झालं की बरोबरची खूण, नाही झालं की फुली. मला वाटलं, यात अवघड ते काय असणार?

माझ्या नशिबी आले ते काका. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला. काकांनी अख्खी हयात कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. बोल्ट घ्यायचा, मापाला लावायचा, केसभर फरक दिसला की बाजूला टाकायचा. तिथे त्यांना सगळे 'नापास' म्हणायचे, आणि या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान!

ताई, म्हणजे त्यांच्याकडे येणाऱ्या मदतनीस, पहिल्या दिवशी निघताना माझ्यात भराभर दहा खुणा करून मोकळ्या झाल्या. काकांनी चष्मा चढवला.

"चालणं कधी झालं?"

"नाही झालं काका. गुडघा धरलाय म्हणालात ना."

"मग खूण कसली?"

"सगळे असंच भरतात हो."

"भरू देत. या घरात खोटं लिहायचं नाही. फुली मार."

ताईंनी फुली मारली, मग काकांनी सही केली. तेव्हापासून हाच रिवाज पडला. गॅलरीऐवजी दारापर्यंतच चालले, तर काका म्हणायचे, अर्धी खूण कर. अर्धी खूण नसते म्हटलं, की मग फुली. माझं पान बघाल तर एखाद्या ढ पोराच्या गणिताच्या वहीसारखं.

पण त्या बाईचं काम मी खिळ्यावरून बघत होते ना. काकांना चाला म्हटलं की ते हटून बसत. ताई वाद घालायच्या नाहीत. वर्तमानपत्र आणि खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. पाच मिनिटांत काका कुरकुरत, भिंत धरत तिकडे हजर.

एकदा सकाळी काकांचं अंथरूण खराब झालं. भिंतीकडे तोंड करून ते लहान मुलासारखे रडले. ताईंनी चादर काढली, अंग पुसलं, कपडे बदलले. म्हणाल्या, "आमच्या धाकट्याने काल दोनदा केलं. वर मलाच हसला." मग पलंगाच्या कडेला त्यांचा हात हातात घेऊन नुसत्या बसल्या. त्यांच्या पुढच्या घराची वेळ टळून गेली. त्या दिवशी माझ्यात पाच फुल्या पडल्या. काका म्हणाले, "बसलीस तेही लिही." तसा रकानाच नव्हता. ताईंनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'थोडा वेळ बसले.'

आठ महिन्यांनी संस्थेच्या तपासणीच्या मॅडम आल्या. सेवेचा दर्जा बघायचा होता. वाईट नव्हत्या त्या. त्या दिवशी त्यांना सात घरं उरकायची होती आणि मोबाईल सारखा वाजत होता. त्यांनी मला उभ्या उभ्या चाळलं, खुणा मोजल्या, समासाकडे नजरसुद्धा गेली नाही. आकडा आला एकसष्ट टक्के.

"काका, काही सांगायचंय का?"

काका ताठ बसले. आपली मदतनीस किती चोख आहे हे सांगायची एवढी चांगली संधी कुठली! "त्या वहीत एक अक्षर खोटं नाही," ते म्हणाले. "प्रत्येक फुली मी स्वतः तपासून सही केलीय. खुशाल लिहून घ्या."

मॅडमनी लिहून घेतलं. मला घाम फुटायची सोय असती तर तेव्हा फुटला असता.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. ताईंना काढताहेत, दुसऱ्या येतील, त्यांचं काम अठ्ठ्याण्णव टक्के आहे म्हणे. 

"अगं, पण मी तर तिला पास केलं होतं," काका म्हणाले.

त्यांनी संस्थेत फोन लावला. निर्णय झालाय, असं उत्तर मिळालं. ताईंच्या शेवटच्या दिवशी काकांनी मला मांडीवर घेतलं आणि पेन पुढे केलं. "सगळीकडे बरोबर कर. मागच्या पानांवरसुद्धा."

ताई म्हणाल्या, "आता काय उपयोग काका. आणि दाढी कुठे करू दिलीत आज?" त्यांनी दाढीपुढे फुली मारली, डोळे पुसले आणि गेल्या. काकांना सही करायला फार वेळ लागला.

नवी बाई आली की आधी मला खिळ्यावरून काढायची. दहा खुणा, अक्षर मोत्यासारखं. मग नाश्ता, गोळ्या, आणि उरलेला वेळ मोबाईल. चालणं झालं नाही असं काका म्हणाले तर म्हणायची, "उद्या दोनदा चालवते हं आजोबा." तीन दिवस काकांनी सही केली नाही. चौथ्या दिवशी मुलगी रजा टाकून धावत आली. संस्थेने तिला कळवलं होतं, आजोबा सहकार्य करत नाहीत, सेवा बंद करावी लागेल.

"बाबा, करा ना सही. दुसरी संस्था नाही इथे. आणि मला आता एक दिवससुद्धा रजा मिळायची नाही."

पोरीचा चेहरा ओढलेला होता. दोन्ही बाजूंनी तिचीच ओढाताण. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेन घेतलं आणि राहिलेल्या तिन्ही पानांवर सह्या करून टाकल्या. वाचलं काहीच नाही. त्यानंतर त्यांनी मला कधीच वाचलं नाही. मला पुढे धरलं की सही.

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा खूश झाल्या. "बघा काका, केवढी सुधारणा! काही तक्रार?"

"काही नाही," काका म्हणाले. "सगळं उत्तम आहे." त्यांचं ताट तसंच झाकलेलं होतं. जेवणापुढे खूण मात्र झाली होती.

भरल्यावर मी संस्थेच्या ऑफिसात आले. इथे नव्या मदतनिसांना शिकवायला मला टेबलावर उघडी ठेवतात, शेवटची पानं वर करून. वही कशी भरायची, तर अशी, असं सांगतात. माझा मान वाढलाय आणि मला लाज वाटते. चालण्याच्या रकान्यात शेवटच्या त्रेचाळीस दिवसांत एकही फुली नाही. त्या त्रेचाळीस दिवसांत काका पलंगावरून उतरलेले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला दर्जा तपासायचाच असेल, तर मला मिटून ठेवा आणि त्यांच्याकडे जा. पलंगाच्या कडेला बसा. पहिल्यांदा ते उत्तमच म्हणतील, तरी उठू नका. मात्र बेल वाजवून बाहेर वाट बघत राहू नका. दार नुसतं लोटलेलं असतं. ते उघडायला आता त्यांना येता येत नाही.