माहीत असूनही

नम्रता दहावीत होती आणि पाण्याबद्दल तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिचे वडील, दत्ताराम, आचऱ्याच्या खाडीतून रोज होडी समुद्रात काढत. सुकती लागली, म्हणजे पाणी समुद्राकडे परतू लागलं, की खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, हे तिला पहिलीत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी गावात फिरायला येऊन तिथून वाहून गेलेल्या पाहुण्याला शोधायला दत्तारामच गेले होते. परतल्यावर ते दोन दिवस जेवले नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि ती, संजना आणि सारिका खाडीच्या तोंडाशी आल्या. समोर पन्नास पावलांवर वाळूचा पट्टा उघडा पडला होता.

"थंय जावन दाखय," संजना म्हणाली.

नम्रताने दगडांवरची ओली रेघ बघितली. "सुकती लागली हा."

"भियालंस?" संजनाने मोबाईल वर धरला. सारिका हसली.

पाणी तेच होतं, धोकाही तोच होता. फक्त दोघी बघत होत्या. नम्रताच्या छातीत काहीतरी भक्कन पेटलं आणि ती चपला काढून पाण्यात उतरली.

पंधरा पावलांवर पायाखालची वाळू सरकली. कमरेपर्यंतचं पाणी एकदम गळ्याशी आलं, आणि किनारा बाजूला पळू लागला. ती जिवाच्या आकांताने हात मारत होती, पण वाळूचा पट्टा मागे पडत चालला होता. पुढे फुटणाऱ्या लाटांचा आवाज मोठा होत होता. तोंडात खारं पाणी गेलं. ओरडायला श्वास उरला नाही. त्या पाहुण्याचं निळं तोंड, जे तिने पाहिलंही नव्हतं, तिला स्पष्ट दिसलं.

नांगरून ठेवलेल्या एका होडीची दोरी तिच्या खांद्यावर आपटली. तिने ती दोन्ही हातांनी पकडली. तळवे सोलून निघाले, तरी सोडली नाही.

सारिका ओरडत बंदराकडे पळाली होती. दत्ताराम होडी घेऊन आले आणि त्यांनी मुलीला केस धरून वर ओढलं. एका हाताने तिला घट्ट धरून त्यांनी होडी किनाऱ्याकडे वळवली.

संध्याकाळी दत्तारामांनी संजनाच्या मोबाईलवरचं चित्रण पाहिलं. पाण्यात उतरताना नम्रता हसत होती.

"तुका ठावक होता ना?"

"होय."

"मगे कित्याक गेलंस?"

"माका ठावक नाय." तिला त्याचीच जास्त भीती वाटली. पाण्यापासून लांब राहता येतं, पण जे आतून तिला घेऊन गेलं त्याच्यापासून लांब कुठे जाणार? त्यानंतर जिना उतरतानासुद्धा ती कठडा घट्ट धरायची.

सोमवारी दत्ताराम तिला घेऊन शाळेत गेले. विज्ञानाच्या जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ती वेडी नाही, दत्ताराम," बाई म्हणाल्या. "या वयात मेंदूचा थरार मागणारा भाग आधी जोर धरतो. थांबवणारा भाग हळूहळू तयार होतो. एकटी असते तेव्हा ती नीट विचार करते. मैत्रिणी बघत असल्या की तोल जातो."

"तयार कधी होतो?" नम्रताने विचारलं.

"पंचविशीपर्यंत काम चालूच असतं."

अजून दहा वर्षं! नम्रताने बोटांवर मोजलं.

घरी येताना दत्ताराम म्हणाले, "पाय आपसूक जावंक लागले की माका फोन कर. मी येतलंय. कायएक इचारूचंय नाय."

पुढच्या महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन संपलं, तेव्हा अकरावीतला विनीत भावाची मोटारसायकल घेऊन शाळेजवळच्या तीन रस्त्यांच्या तिठ्यावर उभा होता. लायसन नाही, हेल्मेट नाही. संजना मागे बसली. "चल गो, कणकवलीक जावन येवया!" तिने नम्रताला हाक मारली.

बघणारी पाच-सहा मुलं हसली. छातीत तेच भक्कन पेटलं. नम्रताने खाली पाहिलं तर तिचा एक पाय गाडीच्या पायदानावर होता. तो कधी ठेवला हे तिला आठवत नव्हतं.

पाय खाली घेऊन तिने मोबाईल काढला.

"बाबा, माका न्येवक ये."

"थंयच रव. इलंय."

मुलं हसत राहिली. गाडी भरधाव निघून गेली. दत्ताराम आले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी काही विचारलं नाही. नम्रताच बोलली. "बाबा, विनीतच्या घराक फोन कर. आत्ताच कर."

त्यांनी लगेच फोन लावला. वाटेतल्या रामगडला राहणाऱ्या विनीतच्या काकांनी तिथल्या नाक्यावर त्या दोघांना अडवलं आणि घरी आणलं. संजना आठ दिवस नम्रताशी बोलली नाही. नम्रताला ते खूप लागलं, पण रोज सकाळी संजना वर्गात येऊन बसलेली दिसली की तिचा श्वास मोकळा व्हायचा.