साडेतीन इंची शहाणा

बदकांच्या शिकारीला काडतूस किती लांब असावं, याबद्दल आर्विड टॉलेफसनचं मत कुणाला विचारावं लागत नसे. मिनेसोटाच्या पश्चिम कडेला, जिथं मका संपला की तळं लागतं आणि तळं संपलं की परत मका, तिथल्या सहकारी दुकानात कॉफीच्या किटलीपाशी तो रोज सकाळी हजर असे. सप्टेंबर लागला की त्याचं प्रवचन सुरू होई. बदकांवर शिशाचे छर्रे चालवायला बंदी आली आणि पोलाद आलं. पोलाद हलकं, लांब जाईपर्यंत दमतं. म्हणून छर्रा मोठा हवा, आणि मोठे छर्रे भरपूर मावायचे तर काडतूस लांब हवं. पावणेतीन इंची पोरासोरांचं, तीन इंची भिडस्त माणसांचं आणि साडेतीन इंची शहाण्या माणसाचं.

"आणि हो," तो शेवटी बजावून सांगे, "साडेतीन इंचीच्या आपोआप भरणाऱ्या बंदुकीत पावणेतीनचं मिळमिळीत काडतूस घालू नका. तिला पुढचं काडतूस वर घ्यायला मागचा दणका लागतो. दणका कमी पडला की ती तिथंच फतकल मारते."

ऐकणारे माना डोलवत. कॉफी फुकट होती.

पेशवाईत म्हणे साडेतीन शहाणे होते. आर्विड एकटाच तेवढा भरला असता, फक्त त्याच्याकडून बदकं पडत नसत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. बदक मात्र बोलाचं चालत नाही, ते घरी न्यावं लागतं. घरी जायची ती त्याच्या मेहुण्याची. ड्वेन, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, हिशेबी तीन इंची वापरे, बदक पाण्यावर आमिषाला सोडलेल्या खोट्या बदकांच्या अगदी डोक्यावर येईपर्यंत थांबे आणि एकदाच बार काढे. ते बदक उचलून आणायला आर्विडची ट्रूडी जाई. पिवळ्या रंगाची, थोराड हाडाची, बारा वर्षांची लॅब्राडोर. कुत्री आर्विडची, बिस्किटं आर्विडची, डॉक्टरकडची पायपीट आर्विडची, आणि बदक द्यायचं मात्र ड्वेनच्या हातात. तिचं तरी काय चुकत होतं? इतकी वर्षं जे पडलं ते ड्वेनचंच, असा तिचा अनुभव होता.

आर्विडला याचं हसू येई, मागच्या नोव्हेंबरपर्यंत. त्या दिवशी त्याने फार लांबचं बदक मारलं, म्हणजे मारलं नाही, नुसतं पंखात जखमी केलं. ते पाणकणसांत शिरलं आणि ट्रूडी त्याच्यामागे शिरली. हाका मारल्या तरी ती परत येईना. काठावर बर्फाची साय धरली होती. शेवटी तिचे मागचे पाय चालेनासे झाले आणि ड्वेनने तिला खांद्यावर घालून बाहेर आणलं. बदक मिळालं नाही. ते कुठंतरी आत मरायला टेकलं असणार, हे तिघांनाही कळत होतं. आर्विड त्या रात्री जेवला नाही. लांब काडतुसाने बदकापर्यंत छर्रा पोचतो, पण म्हणून तो काम पुरं करतो असं नाही, हे प्रवचनात कधी आलं नव्हतं.

उन्हाळ्यात डॉक्टरने ट्रूडीचे खुबे दाबून पाहिले आणि म्हणाला, "हा हंगाम काढेल. पुढच्याची आशा धरू नका. आणि खोल पाण्यात पाठवू नका."

तेव्हापासून आर्विडच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ट्रूडीने एकदा, एकदाच, त्याचं बदक त्याच्या हातात आणून द्यावं. त्यासाठी बदक जवळ पडायला हवं आणि पडताक्षणी मरायला हवं. म्हणजे नेम धरून सराव करायला हवा. तो घरामागच्या कुरणात मातीच्या चकत्यांवर बार काढू लागला. चकती हवेत फेकायला बायको, कॉरिन.

एका चकतीला त्याने चाप ओढला आणि नुसताच टक् असा आवाज आला. बंदूक भरायलाच तो विसरला होता. तरीही नळीने जमिनीकडे वाकून मुजरा केला, खांदा मागे उडाला आणि डोळे गच्च मिटले.

कॉरिनने चकत्यांची टोपली खाली ठेवली. "बंदूक रिकामी होती, आर्विड. मग घाबरलास कुणाला?"

"वारा होता."

"वारा तुझ्या पापण्यांवर होता का? अरे, त्या साडेतीन इंचीचे दणके खाऊन खाऊन तुझा खांदा आधीच रडायला लागतो. डोळे मिटून मारतोस तू. किती वर्षं झाली असतील?"

त्याने हिशेब केला नाही. हिशेब करण्यासारखा नव्हता.

"मग काय करू?"

"जे सगळ्यांना घेऊ नका म्हणतोस ते घे."

दुकानात गावातल्या लोकांसमोर पावणेतीन इंची काडतूस मागणं म्हणजे पाद्र्याने उपासाच्या दिवशी डुकराचं मांस मागण्यासारखं होतं. आर्विड दोन तालुके पलीकडच्या दुकानात गेला. वाटेत त्याने सगळा विचार केला. लांबी कमी करायची तर छर्रे थोडे, आणि थोड्या छर्ऱ्यांना जड व्हायला हवं. पोलाद जड नाही. टंगस्टन सगळ्यात जड, पण ते इतक्या लांबवर मारतं की त्याला पुन्हा लांबचा मोह झाला असता, आणि स्वतःला तो आता ओळखून होता. राहिलं बिस्मथ. पोलादापेक्षा जड, जवळच्या बदकाला पुरून उरणारं, खांद्याला सुसह्य.

"पावणेतीन, बिस्मथ, हलका बार," दुकानदार डबा काढत म्हणाला. "नातवासाठी का?"

"हो," आर्विड म्हणाला. त्याला नातू नव्हता.

घरी येऊन त्याने ती काडतुसं साडेतीन इंचीच्या जुन्या डब्यात भरली. झाकण लावलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून झाकणावर रबरही चढवलं.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आर्विड, ड्वेन आणि ट्रूडी लपणात बसली. लपण म्हणजे फळ्यांचा बाक आणि पुढं खोवलेली पाणकणसं. समोर खोटी बदकं डुलत होती, पाणी गुडघ्याएवढंच. ड्वेनने लोणीसाखर लावून गुंडाळलेला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, काढला, एक तुकडा ट्रूडीला दिला आणि कान टवकारले.

"दाजी, तुमच्या डब्यात गोट्या आहेत का? खुळखुळा वाजतोय."

"थंडीने पुठ्ठा आखडलाय."

"बरं बरं. तुम्ही शास्त्र जाणता, आम्ही आपले खाणारे."

मग पश्चिमेकडून हिरव्या डोक्याचे दोन नर आले. उंचावरून एक फेरी मारली. मागच्या वर्षीचा आर्विड तेव्हाच उठला असता. त्याचं बोट शिवशिवलं, पण तो बसून राहिला. ड्वेनने त्याच्याकडे चमकून पाहिलं. दुसऱ्या फेरीला नर खाली आले, पंख वाडग्यासारखे वळवून, केशरी पाय पुढं सोडून.

"तुमचं," ड्वेन पुटपुटला.

आर्विड उठला. खांद्याने रडायची तयारी केली, पण त्याने मनातल्या मनात त्याला सांगितलं की आज पावणेतीन आहे, गप्प बस. डोळे उघडे राहिले. बार झाला आणि त्याला सगळं दिसलं. मान एकदम सैल पडली, पंख मिटले, बदक खोट्या बदकांच्या मधोमध आपटलं आणि हललं नाही. इतक्या वर्षांत स्वतःचं बदक पडताना तो पहिल्यांदा पाहत होता. आनंद होता, आणि त्या सुंदर पाखराबद्दल वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम आलं.

दुसरा नर अजून समोरच होता. आर्विडने पुन्हा चाप ओढला. बंदुकीने फतकल मारली.

तिनं तसंच करायला हवं होतं. हेच तर तो इतकी वर्षं किटलीपाशी उभा राहून सांगत आला होता. साऱ्या जिल्ह्यात हे प्रवचन न ऐकलेला एकच माणूस निघाला, तो म्हणजे प्रवचनकार.

ट्रूडी पाण्यात उतरली होती, सावकाश, एकेक पाय तपासत. ड्वेनने बंदूक मागितली आणि बाहेर पडायच्या खाचेतच अडकलेली रिकामी पुंगळी बोटांनी उपसून काढली. ती तळहातावर घेतली, मग खिशातली आपली तीन इंची तिच्याशेजारी धरली.

"दाजी."

"हं."

"ही माझ्यापेक्षा आखूड आहे."

"दिसतंय मला."

"पोलादाची पण नाही. बिस्मथ." ड्वेनने ओठ चावले. त्याचे खांदे हलत होते. "नातवाची का?"

"त्या दुकानदाराने सांगितलं तुला?"

"नाही, मलापण त्याने हेच विचारलं होतं. मी पोरीसाठी घेतली तेव्हा."

आर्विडला वाटलं, ड्वेन आता हसेल आणि उद्या दुकानात किटली खाली ठेवून लोक हसतील. हसू देत. पण ड्वेन हसला नाही. त्याने पुंगळी खिशात घातली. ट्रूडी काठाला लागली होती.

तिच्या तोंडात ते बदक होतं, मऊ धरलेलं, एक पीस न विस्कटता. ती थरथरत वर आली, आर्विडच्या पुढ्यातून सरळ गेली आणि ड्वेनसमोर बसली.

आर्विडने हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

ड्वेनने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ट्रूडी बसूनच राहिली, पाणी निथळत. ड्वेन उठला, "मी जरा जाऊन येतो," असं कुत्रीला सांगून लपणाबाहेर पडला. ट्रूडीही उठली आणि बदक घेऊन लंगडत त्याच्यामागे निघाली. चिखलात दोघांची एक वरात झाली. शेवटी ड्वेन वळसा घालून आला आणि आर्विडच्या अगदी मागे उभा राहिला, म्हणजे ट्रूडीला त्याच्यापर्यंत जायला आर्विडला ओलांडूनच जावं लागेल असा.

आर्विड चिखलात गुडघे टेकून बसला. "ट्रूडे," तो म्हणाला, "माझं आहे गं ते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे म्हातारे आणि प्रामाणिक होते, आणि त्यांत सरळ अविश्वास होता. तिने बदक त्याच्या तळहातांवर टेकवलं, पण सोडलं नाही. त्याच्या खांद्यावरून ती ड्वेनकडे बघत राहिली.

"दे गं त्यांना," ड्वेन म्हणाला. "त्यांचंच आहे. मी पाहिलंय."

तिने सोडलं. आर्विडने बदक छातीशी धरलं आणि दुसरा हात तिच्या ओल्या मानेवर ठेवला. या खेपेला त्यानेही पाहिलं होतं.