पाय उचल, बाई!

हसू आवरा आधी. मी बेलबॉटम बोलतेय. जांभळी, मांडीला घट्ट आणि गुडघ्याखाली अशी ऐसपैस, की माझ्या एका पायात हल्लीच्या दोन पँटी सुखानं राहतील. दोन्ही बाजूंना कमरेपासून खालपर्यंत चंदेरी टिकल्यांची रांग आहे. त्यातल्या अकरा गळल्या, बाकी सगळ्या शाबूत आहेत. माझ्या वयाच्या माणसांचे दात मोजून या आणि मग मला नावं ठेवा.

माझा जन्म पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात झाला. तिथे कापड कापायचा मान एकट्या कटिंगमास्तरचा. मला जन्म देणारी बाई तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि तिच्या वाट्याला फक्त काज-बटणं यायची. "कात्रीला हात लावायचा नाही," मास्तर बजावायचा. "पँट कापणं बायकांचं काम नाही." बाई मान खाली घालून बटणं लावायची, पण डोळे मास्तरच्या खडूवर असायचे.

त्या वर्षी डिस्कोचं खूळ आलं होतं. दर शनिवारी सभागृहात नाच असायचा, छताला आरशांचा गोळा फिरायचा. बाईला तिथे जायचं होतं, आणि जायचं तर स्वतः कापलेली पँट घालूनच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. एका दुपारी मास्तर जेवायला गेला आणि बाईनं स्वतःच्या पैशाचं कापड त्याच्याच टेबलावर पसरलं. तो हात धुऊन परत येईपर्यंत मी कापून, टाचून तयार.

मास्तरनं मला उलटं करून पाहिलं. खोट काढायला जागा शोधत होता बिचारा. "ही काय उधळपट्टी?" तो म्हणाला. "कमरेला, गुडघ्याला दोन-दोन बोटं माया?" माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून राखलेलं जास्तीचं कापड.

"माणूस काय जन्मभर एवढाच राहतो का, मास्तर?" बाई म्हणाली.

मास्तरनं मला टेबलावरून बाजूला सारलं. सोमवारी मात्र त्यानं तिच्यापुढे एक कात्री सरकवली. तोंडानं चांगलं बोलायची त्याला सवयच नव्हती.

आता माझं एक गुपित ऐका. मला घालून कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं चालू नये. माझी उंची चार इंच टाचेच्या बुटांच्या हिशेबानं ठेवलेली. पाय घासत चाललात तर मी टाचेखाली आलेच आणि तुम्ही तोंडावर आपटलातच. पाय नीट उचलायचा, गुडघ्यातून पुढे झटकायचा, आधी माझा घेर पुढे जाऊ द्यायचा आणि मग पाऊल टाकायचं. बाई ही चाल दुकानामागच्या बोळात दोन आठवडे शिकत होती. तीनदा पडली. चौथ्या वेळी सभागृहात शिरली तेव्हा लोक नाचायचे थांबून बघत होते. खोटं कशाला सांगू, मी फार मिरवले त्या दिवशी.

मग फॅशन बदलली. जो तो आपली बेलबॉटम घेऊन यायचा, "आवळून द्या" म्हणायचा. बाईनं शेकड्यांनी आवळून दिल्या. माझ्या बहिणीच त्या, मला बघवत नव्हतं. मला मात्र तिनं कात्री लावली नाही, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. पुढे तिचं लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, मुलगा झाला, सून आली, नात झाली. हे सगळं मी डांबरगोळ्यांच्या वासात, झाकणाआडून ऐकलं. एकदा सूनबाई मला फरशी पुसायचं फडकं करायला निघाली होती. बाई अशी काही ओरडली, की आवाज ऐकून शेजारीण धावत आली.

गेल्या वर्षी बाईचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन झकास झालं, पण बाईच्या मनात पडायची धास्ती बसली. हातात काठी, पाय जमिनीवरून घासत चालणं. शिवणाचं मशीन पायानं चालवायचं, तेही झाकून ठेवलं. व्यायाम शिकवणारी एक तरतरीत मुलगी होती, बाई तिला पाठीमागे हवालदारीण म्हणायची. हवालदारीण कळवळून सांगायची, "मावशी, पाय उचला! गुडघ्यातून पुढे टाका! असंच घासत राहिलात तर गुडघा आखडेल, मग काठी जन्माची सोबतीण होईल." बाई "हो हो" म्हणायची आणि घासत घरी यायची. दुकान बंद करायचं, मशीन विकून टाकायचं, असं घरात हळू आवाजात बोलणं सुरू झालं. ट्रंकेत माझा जीव वर-खाली व्हायचा.

मग हवालदारणीनं एक टूम काढली. गुडघे बदललेल्या सगळ्यांची डिस्को पार्टी! जुन्या फॅशनचे कपडे घालूनच यायचं.

"लंगड्यांचा नाच बघायला कोण येणार आहे?" बाई फणकारली. पण नात चिवट. तिनं भाड्यानं एक चकचकीत पोशाख आणला. बाईनं तो उलटा करून पाहिला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"ही शिवण आहे की थट्टा? माझी ट्रंक काढ."

झाकण उघडलं आणि इतक्या वर्षांनी उजेड दिसला. मला रडूच आलं असतं, पण कापडाला ती सोय नाही. बाईनं मला चढवलं. कमरेचा हूक लागेना आणि सुजरा गुडघा माझ्यात शिरेना. मला वाटलं, संपलं, आता परत ट्रंक. पण बाईनं शांतपणे ब्लेड घेतलं, शिवण उसवली आणि पन्नास वर्षं राखलेली दोन बोटं माया मोकळी केली. ते कापड आतून नव्यासारखं गडद राहिलं होतं. माझ्या दोन्ही अंगांना जांभळ्या पट्ट्या उमटल्या, आणि मी बाईला अंगाबरोबर बसले.

"आजी, खालून चार इंच कापूया," नात म्हणाली. पायात आता सपाट चपला होत्या ना.

"कापायचं नाव काढलंस तर याद राख!"

तिनं तळ दुमडून कच्चा टाका घातला. पक्की टीप मारायची राहिली, कारण गाडी दारात येऊन उभी होती. शिंप्याच्या घरचं काम अर्धंच, म्हणतात ते खोटं नाही.

काय थाट होता तिथे! दोन्ही गुडघे नवे असलेला बसड्रायव्हर झालरीचा शर्ट घालून आला होता. एका मुख्याध्यापिकेनं कपाळाला सोनेरी पट्टी बांधली होती. वर आरशांचा गोळाही होता. मी आजवर पुष्कळ देखणी माणसं पाहिली, पण एवढी देखणी पाहिली नव्हती. बाई मात्र भिंतीकडची खुर्ची पकडून बसली.

हवालदारणीनं तिला हाताला धरून मधे आणलं आणि सोडलं. बाईनं काठी पुढे टाकली. काठीच्या रबरी बुडाखाली माझा दुमडलेला काठ सापडला, कच्चा टाका फाटकन तुटला, आणि माझा उजवा पाय चार इंच खाली घसरला. दोन घासती पावलं आणि डावाही सुटला. मी जमिनीवर लोळत होते. मला घाम फुटायचा बाकी होता. हिला पाडलं तर ते मीच पाडणार होते, आणि एकदा पडली की ती पुन्हा उभी राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. पाय उचल, बाई! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते. ऐकतंय कोण?

"मावशी, हलू नका!" हवालदारीण धावली.

बाईनं खाली माझ्याकडे पाहिलं. मग तिनं उजवा पाय उचलला, गुडघ्यातून पुढे झटकला, माझा घेर पुढे गेला आणि मागून पाऊल पडलं. मग डावा. मग पुन्हा उजवा. काठी माझ्या घेरात अडखळायला लागली तशी तिनं ती नातीच्या हातात दिली आणि सगळं सभागृह ओलांडून गेली.

हवालदारीण तोंड उघडं ठेवून उभी. "मावशी! मी सहा महिने हेच सांगतेय ना तुम्हाला!"

"तुम्ही पाय उचला म्हणालात," बाई म्हणाली. "बेलबॉटम घालून चालायचंय, असं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी उचलला असता."

आता मी दाराच्या खुंटीवर असते. रोज सकाळी मला घालून बाई बोळात दहा फेऱ्या मारते. माझा तळ झिजलाय, धागे सुटलेत, होऊ दे. मशीन पुन्हा चालू झालंय. बेलबॉटम शिवून घ्यायला पहिला आला तो बसड्रायव्हर, मग मुख्याध्यापिका. बाई मापं घेते, गुडघ्याशी दोन बोटं माया राखते आणि उंची मुद्दाम बोटभर जास्त ठेवते. "लांब झाली म्हणून कापायला आणाल, तर परत पाठवीन," असं दम देऊन सांगते.

माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं आहे. मी पुरती विरले की खुशाल फडकं करा, पण तोवर माझी लांबी कमी करू नका.

आणि ट्रंक रिकामी नाही बरं का. तिथे माझ्या जुन्या जागी, डांबरगोळ्यांच्या वासात, ती काठी तिरकी पडलीय.