गोलाकडे पाठ

आमच्या बेजाया शहरातल्या नव्या स्टेडियमचा नकाशा माझा. धावपटूंसाठी ट्रॅक हवाच, अशी सरकारी अट होती. त्या मेल्या ट्रॅकमुळे गोलमागचा स्टँड लांब सरकला, आणि आमचे फुटबॉलवेडे तर नेमके तिथेच उभे राहतात. ते मला फाडून खातील, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

शेवटी नकाशा घेऊन अरेझकीकाकांकडे गेले. त्या स्टँडमधली गाणी तीस वर्षं तेच सुरू करून देतात.

"खुर्च्या कशाला गं? आमच्यातलं कोण बसतं?"

"काढते. पण काका, तिथून गोल नीट दिसणार नाही."

"मला कधी दिसला? गाणी म्हणून घ्यायची तर पोरांकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ!"

"मग गोल झालेला कळतो कसा?"

"पोरांच्या तोंडावर. तू वर छप्पर घाल आणि मला उभं राहायला ओटा दे. आमचा आवाज मैदानात पोचला, की झालं."

"एवढंच?" माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्याच सामन्यात आम्ही गोल केला. सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसूनही मला तो दिसला नाही. मी त्या पोरांची तोंडं बघत होते.